आईचं नाव काय?

ब्राझीलला गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मला सगळ्यात जास्त वेळा कुठला प्रश्न विचारला असेल तर तो "नोमी दा मँइ?" आईचं नाव काय? सिमकार्ड घ्यायला गेले, आईचं नाव. बँकेत खातं उघडायला गेले, आईचं नाव. पिवळ्या तापाची लस घ्यायला सरकारी दवाखान्यात गेले तर तिथल्या नर्सनं माझं नाव, जन्मतारीख आणि लगेच आईचं नाव विचारलं. वडिलांचं नाव कुणी विचारलंच तर नंतर, पण आईशिवाय कुठलाच फॉर्म पुढं सरकत नाही. एका नावाची पन्नास माणसं असतात पण नाव, जन्मतारीख आणि आई तिन्ही जुळली की तो माणूस तोच, असा तिथला हिशेब. आपल्याकडं उलटं, माझ्या नावापुढं वडिलांचं नाव जन्मापासून चिकटलेलं आणि आईचं नाव विचारायला कुणी थांबल्याचं मला तरी आठवत नाही. आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव आणलंय, पण मी त्याच्या बरंच आधीची.

मी वाळवा तालुक्यातली. घरी ऊस, दोन म्हशी, एक गाय, वडील माळकरी. साखर तंत्रज्ञान शिकले, नऊ वर्षं आपल्याकडच्या कारखान्यांत प्रोसेसला काढली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीनं मला मिनास जेराइस राज्यातल्या उबेराबाला पाठवलं. ब्राझील म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं रिओचा समुद्र येतो, पण उबेराबापासून समुद्र पाचशे किलोमीटरच्या पुढं. तिथं लाल माती, नजर जाईल तिथवर ऊस, मधे सोयाबीन आणि पांढरी गुरं. आपला हंगाम संपत येतो तेव्हा त्यांचा सुरू होतो, एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत, त्यामुळं मी पोचले तेव्हा कारखान्यात सगळं खोलून ठेवलेलं, ऑफ सीझनचं मेंटेनन्स. तेवढं एक ओळखीचं वाटलं. ज्यूस हीटरच्या ट्यूबा घासण्याचा आवाज सगळीकडं सारखाच असतो.

कागदांचं सांगते, कारण नवीन जाणाऱ्याला पहिलं तेच आडवं येतं. सगळ्यात आधी सीपीएफ लागतो, तिथं "से-पे-एफी" म्हणतात, करदात्याचा अकरा आकड्यांचा नंबर. औषधाच्या दुकानात, किराणा दुकानात सुद्धा काउंटरवरची मुलगी "सेपेएफी?" विचारते. तो मी इथूनच वकिलातीतून काढून नेला होता. मग वर्क व्हिसावर गेलेल्या माणसानं नव्वद दिवसांच्या आत फेडरल पोलिसांकडं नोंद करायची, बोटांचे ठसे द्यायचे, मग एक कागद मिळतो त्याला प्रोतोकोलो म्हणतात आणि कार्ड येईपर्यंत तो कागद जिवापाड जपायचा. आणि प्रत्येक परदेशी दाखला आधी आपल्या देशात अपोस्टिल करून, म्हणजे तो खरा असल्याचा बाहेरदेशी चालणारा सरकारी शिक्का मारून न्यायचा आणि तिथं गेल्यावर शपथेच्या अनुवादकाकडून पोर्तुगीज करून घ्यायचा. भारत अपोस्टिलच्या करारात २००५ पासून आहे, ब्राझील २०१६ ला आलं, त्यामुळं आता हे निदान सोपं झालंय असं सगळे म्हणतात.

माझी गाडी अडली ती आईच्या नावावर. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव सासरचं. जन्मदाखल्यावर माहेरचं. मी पहिलटकरणीची, आजोळी जन्मलेली, नोंद करायला मामा गेला आणि त्यानं आपल्या बहिणीचं जे नाव त्याला माहीत होतं ते दिलं. लग्नात आईचं नुसतं आडनाव नाही, नावच बदललेलं. त्यामुळं माझ्या कागदांत दोन बायका माझ्या आई म्हणून उभ्या. सीपीएफवर एक, दाखल्यावर दुसरी. बँकेचं ॲप फोटो काढतं, माहिती जुळवतं आणि नाही म्हणतं, पुन्हा नाही म्हणतं. पगार कुठं जमा करायचा? पिक्स कसं चालू करायचं? पिक्स तिथलं यूपीआय समजा, २०२० च्या नोव्हेंबरात आलं आणि आता भाजीवाल्यापासून सगळे त्याच्यावर. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं आईचं प्रतिज्ञापत्र सांगलीतून करून मागवलं, ते अपोस्टिल होऊन आलं, अनुवाद झाला, यात दोन महिने गेले.

या काळात मी आईला फोनवर सांगितलं की ह्या लोकांना तुझं माहेरचं नाव पाहिजे. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "ते नाव घेऊन मला कुणी हाक मारली त्याला पस्तीस वर्षं झाली असतील गं." आणि दुसऱ्या दिवशी तिनं ते नाव एका कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला, स्पेलिंग चुकू नये म्हणून. तो फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे.

घराचं मात्र प्रतिज्ञापत्रानं सुटणारं नव्हतं. कंपनीनं तीस दिवस हॉटेल दिलेलं, पुढं माझं मी बघायचं. घरभाड्याच्या एजन्सीत गेले की पहिला प्रश्न "फिआदोर कोण?" फिआदोर हा आपला जामीनदार. त्याच गावात त्याच्या नावावर घर पाहिजे. तिथला भाडेकायदा १९९१ चा आहे, त्यात जामीनदाराऐवजी डिपॉझिट चालतं, तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत, किंवा विमा चालतो, पण त्यातलं काय घ्यायचं ते घरमालक ठरवतो आणि मी बघितलेल्या तीन घरांना फिआदोरच पाहिजे होता. विमा कंपनीला ब्राझीलमधला जुना क्रेडिट रेकॉर्ड हवा, माझा कुठला असणार. एका ठिकाणच्या माणसानं तर माझी फाईल न उघडताच परत सरकवली, बोलायला अगदी गोड, पाठीवर हात ठेवून, "काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल" म्हणत. असं गोड नकार देणं तिथं फार आणि त्याचा त्रास मला शेवटपर्यंत झाला. तोंडावर नाही म्हणत नाहीत. बघू म्हणतात, फोन करतो म्हणतात, आणि फोन येत नाही. मी आजही म्हणते, एकदा सरळ नाही म्हणून टाका, माणूस दुसऱ्या दारात तरी जाईल.

हॉटेलच्या मागच्या गल्लीत संध्याकाळी लोक घरातल्या खुर्च्या काढून फुटपाथवर बसायचे. आपल्याकडं दारातल्या कट्ट्यावर बसतात तसंच, फक्त कट्ट्याच्या जागी खुर्ची. मी कारखान्यातून येताना रोज तिथनं जायचे, एक म्हातारी बाई बसलेली असायची, मी "बोआ तार्जी" म्हणायचे, ती पण म्हणायची. आठवड्याभरानं तिनं विचारलं कुठली म्हणून. तिला मी ब्राझीलचीच वाटले होते, रंगावरून, आणि हे मला तिथं फार ठिकाणी अनुभवायला आलं. तोंड उघडेपर्यंत कुणालाच मी परकी वाटायचे नाही, बस स्टँडवर लोक मलाच पत्ता विचारायचे. मी म्हणाले "इंडिया." तिचा चेहराच बदलला. "गीर!" म्हणाली, आणि आत ओरडून कुणाला तरी खुर्ची आणायला सांगितलं.

हे इथं सांगितलं पाहिजे. उबेराबात इंडिया म्हटलं की लोकांना ताजमहाल आठवत नाही, गाय आठवते. १८९० च्या दशकापासून ह्या भागातले गुराखी आणि जमीनदार बोटीनं भारतात येऊन वळू, गाई घेऊन गेले. त्यांच्या युरोपी गुरांना तिथलं ऊन आणि गोचीड सोसत नव्हती, आपली वशिंडाची गुरं मात्र टिकली. आज ब्राझीलच्या माळावर जी पांढरी गुरं दिसतात ती बहुतेक नेलोरे, म्हणजे आपल्या आंध्रातल्या नेल्लोरच्या नावाची, ओंगोल जातीची. कांक्रेजला ते गुझेरा म्हणतात, गुजरातवरून. आणि गीर ती गीरच. गीर आणि होल्स्टिनच्या संकरातून त्यांनी गिरोलांदो ही दुधाची जात तयार केली. वशिंडाच्या गुरांना तिथं झेबू म्हणतात, त्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्या संघटनेचं मुख्यालय उबेराबात आहे, झेबूचं म्युझियम आहे. त्या आजीचा नवरा चाळीस वर्षं एका गीरच्या रँचवर गुराखी होता. तो वारला तेव्हा मालकानं गोठ्याचं दार उघडून गुरांना मयताच्या वाटेवर आणून उभं केलं होतं, असं ती सांगायची.

मी तिला आधी "सेन्योरा" म्हणायचे, आपण अहो-जाहो करतो तसं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, सेन्योरा, म्हणजे मेरी माता, वर स्वर्गात आहे, मला वॉ म्हण. वॉ म्हणजे आजी. तेव्हापासून वॉ.

वॉला मी घराचं सांगितलं ते मदत मागायला नव्हे, नुसतं मन मोकळं करायला. ती म्हणाली रविवारी सकाळी ये, आणि तुझ्या आईला फोन लाव. तिकडचे सकाळचे साडेआठ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे पाच, धारेची वेळ. मी व्हिडिओ कॉल लावला तर आई गोठ्यातच. आईला मराठीशिवाय काही येत नाही, वॉला पोर्तुगीजशिवाय काही येत नाही. मी मधे बसून भाषांतर करणार होते पण दोन मिनिटांत दोघींनी मला बाजूला केलं. आईनं कॅमेरा गाईकडं फिरवला. वॉ फोन अगदी डोळ्याजवळ नेऊन गाईचे कान बघत होती, कपाळ बघत होती, मग मान हलवून म्हणाली ही गीर नाही. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "खिलार आहे म्हणावं, ह्यांच्या आत्याकडनं आणलेली." वॉनं तिच्या परसातली चूल दाखवली, आईनं तिची दाखवली. वॉनं हातात धरून कसावाचा कंद दाखवला, आईला तो रताळं वाटला. वीस मिनिटं. शेवटी वॉनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मग माझ्या डोक्यावर ठेवला, बस्स. आई पदरानं डोळे पुसत होती आणि मागं गाय हंबरत होती.

फोन ठेवल्यावर वॉ म्हणाली, मी होते तुझी फिआदोर.

मी नको म्हणाले, मनापासून नको म्हणाले, कारण तोवर मी वाचलं होतं. ब्राझीलमध्ये कर्जापायी माणसाचं राहतं घर सहसा जप्त होत नाही, १९९० चा कायदाच आहे तसा, पण घरभाड्याच्या जामीनदाराला ती सवलत नाही. भाडेकरूनं पैसे बुडवले तर जामीनदाराचं एकुलतं एक राहतं घर सुद्धा जाऊ शकतं. आमच्या गावात सोसायटीच्या कर्जाला जामीन राहून शेत गेलेली माणसं मी बघितलीत, माझ्या चुलत्यांच्या घरात ह्यावरून दहा वर्षं बोलणं बंद होतं. वॉच्या मुलाला हे कळल्यावर तो उबेर्लांजियाहून आला, माझ्याशी नीट बोलला, पण आईशी आत जाऊन भांडला ते मला ऐकू येत होतं आणि त्याचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आत्ताही नाही. मी उठून निघाले तर वॉ बाहेर आली आणि म्हणाली, हिची आई मला माहीत आहे. एवढंच. जणू त्यावर पुढं बोलायचं काही उरलंच नव्हतं.

मग आम्ही कार्तोरिओत गेलो. कार्तोरिओ ही गोष्ट आपल्याकडं नाही, नोटरी, सब रजिस्ट्रार आणि जन्ममृत्यू नोंदणी एका छपराखाली आणली तर जे होईल ते. तुमच्या सहीचा नमुना तिथं कार्डावर ठेवलेला असतो आणि कुठल्याही कागदावरची सही त्याच्याशी ताडून, शिक्का आणि स्टिकर लावून देतात की हो, ही सही ह्याच माणसाची. वॉची नमुन्याची सही खूप जुनी, नवरा असतानाची, आता हात थरथरतो म्हणून सही जुळेना. तिला नवीन कार्ड करावं लागलं. ती जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढत होती, लहान मुलं पाटीवर काढतात तसं, आणि मी शेजारी उभी राहून मनात म्हणत होते की काहीही होवो, ह्या बाईच्या घराच्या एका विटेलाही माझ्यामुळं धक्का लागणार नाही. त्या घराचं भाडं मी दर महिन्याला तारखेच्या पाच दिवस आधी भरलं आणि पावतीचा फोटो वॉच्या मुलाला पाठवला, न मागता. सहा महिन्यांनी त्यानं उत्तर पाठवलं, आता नको पाठवू, विश्वास आहे. मी तरी पाठवत राहिले.

घराची किल्ली हातात देताना एजंट म्हणाला "शावी." चावी! आपल्या कितीतरी शब्दांचं आजोळ पोर्तुगीज हे शाळेत वाचलेलं, पण ते असं हातात येतं तेव्हा वेगळं वाटतं. बादली, पाव, बटाटा, पगार, साबण, घमेलं, मिस्त्री, नाताळ. गोवा-वसईकडनं आपल्याकडं आलेले हे शब्द अर्धं जग ओलांडून गेलेल्या माझ्यासारखीला तिथं पुन्हा भेटत होते, उच्चार जरा बदललेला. मे महिन्यात तिथं झेबूचं मोठं प्रदर्शन भरतं, वॉनं मला नेलं. माणसं बॉक्समध्ये बसलेली, मधे रिंगणात आंघोळ घातलेली, शिंगं घासलेली गीर गाय, आणि माइकवरचा माणूस दम न घेता बोली वाढवतोय. मी विचारलं ह्याला काय म्हणता. "लेइलाँव." लिलाव! आमच्या बैलबाजारातला, पतपेढीच्या नोटिशीतला लिलाव. मी वॉला सांगितलं की हा शब्द आमचा पण आहे, तर तिनं मागच्या रांगेतल्या चार अनोळखी माणसांना ते सांगितलं आणि त्या चौघांनी मला मिठी मारली. तिथं मिठीला कारण लागत नाही. सुरुवातीला मी ताठ व्हायचे, नंतर सवय झाली आणि आता सुट्टीत गावी आले की नुसता नमस्कार करून लांब उभं राहायला जड जातं.

खाण्याचं थोडक्यात. मी शाकाहारी आहे, आणि "सें कार्नी" म्हणजे कार्नीशिवाय असं सांगितलं की हमखास चिकन येतं, कारण कार्नी म्हणजे त्यांच्या लेखी गाईचं मटण. शेंगदाणा, बटाटा, मिरची कुठंही मिळायची, भात आणि काळा किंवा तांबडा घेवडा त्यांच्या रोजच्या जेवणात आहेच, पण घेवड्यात डुकराच्या चरबीचा तुकडा टाकलेला असतो हे नीट विचारून घ्यावं लागतं. तोलून विकणारी हॉटेलं बरी पडतात, ताटात आपल्याला हवं ते घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. वॉनं माझ्यासाठी घेवडा वेगळ्या पातेल्यात शिजवायला सुरुवात केली, लसूण आणि तमालपत्र घालून, आणि तिच्या घरच्या दुसऱ्या माणसांनी पण तोच खायला सुरुवात केली. एकादशीला मी सुपरमार्केटातनं "सागू" आणला, तो आपला साबुदाणाच, दक्षिणेकडचे लोक त्याची वाइनमध्ये शिजवून खीर करतात. मी खिचडी केली. करताना लक्षात आलं की साबुदाणा ज्याचा होतो तो कसावा ह्या मातीतला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा अँडीजचा, मिरची पण अमेरिका खंडातलीच, आणि आम्ही ते उपासाला चालतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खातोय. जिरं तेवढं तिकडचं नव्हे. वॉनं खिचडी दोनदा घेतली आणि मला जूनच्या जत्रेतला पे-जी-मोलेकी दिला, ती गुळाची शेंगदाणा चिक्की निघाली, अगदी लोणावळ्याची.

फिरले पण खूप. तिथं अंतरं आपल्या हिशेबात बसत नाहीत, देश भारताच्या अडीच पटींहून मोठा आणि माणसं वीस कोटी. रात्रीच्या स्लीपर बसनं साओ पाउलो कितीदा केलं. साल्वादोरला गेले तर तिथं पांढऱ्या घेरदार कपड्यातल्या बायका रस्त्यावर अकाराजे तळत होत्या, सोललेल्या चवळीचं पीठ फेटून पाम तेलात तळलेला वडाच तो, वर सुकी कोळंबी घालतात, मी ती काढायला सांगितली. आणि तिथं इंडिया म्हटल्यावर गाय नाही, गांधी आले. १९४९ साली तिथल्या बंदरातल्या कामगारांनी गांधीजींच्या नावानं कार्निव्हलचा संघ काढला, फिल्युस जी गांधी, गांधींची लेकरं. आजही ते पांढरे फेटे आणि निळ्या-पांढऱ्या माळा घालून निघतात. माळेचं ऐकल्यावर मला घरचीच आठवण आली.

पण खरं चालणं झालं ते ऑगस्ट २०२३ ला. १५ ऑगस्टला आमच्या भागात रोमारिया नावाच्या छोट्या गावी अबाजिया मातेचा, म्हणजे मेरी मातेचा, उत्सव असतो. गावाचं नावच रोमारिया, म्हणजे यात्रा. आजूबाजूच्या शहरांतनं लोक पायी जातात. वॉच्या नातवंडांबरोबर मी उबेर्लांजियाहून निघाले, ऐंशी किलोमीटरच्या आसपास, दोन रात्री. तिकडं तेव्हा कोरडी थंडी, दिवसा ऊन आणि लाल धूळ, म्हणून रात्री चालायचं, अंगात चमकणारी पट्ट्यांची जाकिटं, बाजूनं ट्रक जातायत. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी लोकांनी मांडव टाकलेले, कॉफी, पाव, गरम सूप, संत्र्याच्या फोडी, फुकट. एका मांडवात पन्नाशीचा एक माणूस गुडघ्यावर बसून चालणाऱ्यांच्या पायांचे फोड साफ करून पट्ट्या बांधत होता. त्यानं माझा पाय हातात घेतला तेव्हा मला लोणंद, फलटण सगळं आठवलं. आमचे वडील वारीत असेच दुसऱ्याच्या पायाला तेल लावायला बसतात आणि त्याचे पैसे तर सोडाच, नाव सुद्धा विचारत नाहीत. मी त्या माणसाला वाकून नमस्कार केला, त्याला ते कळलं नाही, पण माझ्याबरोबरच्या पोरीनं सांगितलं की ती "बेंसा" मागतेय. तो लगेच म्हणाला देव तुझं भलं करो. बेंसा म्हणजे आशीर्वाद, तिथल्या खेड्यांत लहानांनी मोठ्यांना भेटताना-निघताना मागायचा. मी तोवर वॉकडं रोज मागत होते.

वॉ, वय अठ्ठ्याहत्तर, सामानाच्या गाडीतनं येत होती आणि शेवटचा टप्पा चालली, माझ्या दंडाला धरून. सूर्य उगवत होता. चालता चालता ती तिच्या आईचं बोलायला लागली, आधी कधी बोलली नव्हती. तिची आई ह्याच वाटेनं अनवाणी जायची, कडेवर पोर घेऊन, तेव्हा डांबर नव्हतं. आईला लिहिता येत नव्हतं. नोंदणीवाल्यानं तिचं पहिलंच नाव झेडच्या जागी एस घालून लिहिलं, आणि पुढं पेन्शनचे पैसे त्या एका अक्षरापायी दोन वर्षं अडले. वॉ तेव्हा सतरा वर्षांची, ती एकटी बसनं तालुक्याला जाऊन कार्तोरिओत उभी राहिली, चार वेळा परत पाठवली, पाचव्या वेळी अक्षर बदलून घेऊनच आली. "माझ्या आईचं मी एवढंच करू शकले," म्हणाली. मग तिनं ते नाव पूर्ण म्हणून दाखवलं, दोन नावं आणि पुढं तीन आडनावं, आईकडचं, वडलांकडचं, नवऱ्याचं, आणि मला म्हणायला लावलं. मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा समोर देवळाचा मनोरा दिसत होता.

गेल्या वर्षी जुलैत एका रात्री तिच्या शेजारणीनं माझं दार वाजवलं. वॉला श्वास घेता येत नव्हता. मुलगा उबेर्लांजियात, यायला दीड तास. मी तिला गाडीत घालून सरकारी इमर्जन्सीला नेलं, तिथं उपचाराचे पैसे लागत नाहीत, परदेशी माणसाला सुद्धा नाही, १९८८ च्या राज्यघटनेपासून आरोग्य हा हक्क आहे तिथं. व्हीलचेअर आली, ऑक्सिजनचा मास्क लागला. काउंटरवरचा मुलगा टाइप करत होता. सीपीएफ? भाड्याच्या करारात जामीनदाराच्या रकान्यात इतक्या वेळा वाचलेला, तोंडपाठ. जन्मतारीख? सांगितली. तुम्ही कोण? मी काही बोलायच्या आत वॉनं मास्क जरा बाजूला केला आणि म्हणाली "नेता." नात. त्यानं माझ्याकडं, माझ्या कार्डाकडं एकदा बघितलं आणि तसंच लिहिलं.

"नोमी दा मँइ?"

वॉनं मास्क पुन्हा काढायला हात वर केला, मी तो धरून खाली ठेवला आणि नाव सांगितलं, पूर्ण, तिन्ही आडनावांसकट. तो टाइप करता करता थांबला.

"पहिलं नाव एसनं की झेडनं?"

"झेडनं," मी म्हणाले.